उंची वाढवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर गती कोणाच्या कलाने ठरवायची?

प्रश्न विचारणारा तरुण नाशिकचा, २७ वर्षांचा आहे. दोन्ही नडग्यांची हाडे कापून आत रॉड आणि बाहेरून रिंगची फ्रेम बसवली आहे; फ्रेमचे नट फिरवले की कापलेले तुकडे हळूहळू दूर सरकतात आणि मधल्या फटीत नवे हाड तयार होते. शस्त्रक्रियेला ४५ दिवस झाले. पहिले सात दिवस थांबून पुढे रोज चार वेळा पाव-पाव मिलिमीटर याप्रमाणे नट फिरवले आणि आतापर्यंत ३६ मिलिमीटर झाले. मात्र पाऊल काटकोनात येत नाही, १५ अंश कमी पडते, आणि म्हणून डॉक्टरांनी चार दिवसांपूर्वी चारऐवजी दोनच वेळा फिरवायला सांगितले आहे. मनात ठरवलेला आकडा ६० मिलिमीटरचा आहे, रजा तीन महिन्यांची आहे, आणि आई-वडिलांना ‘बेंगळुरूला प्रोजेक्टवर आहे’ असे सांगितलेले आहे. खरे फक्त बहिणीला ठाऊक आहे. या तरुणाचे प्रश्न तीन आहेत: गती कमी केल्याने हाड आधीच जुळून जाईल का, हे सगळे रजेत कसे बसवायचे, आणि रात्रीची झोप व मनाची उलघाल यांचे काय करायचे.

मी गेली वीस वर्षे पुण्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. माझ्याकडे येणारे फ्रेमचे बहुतेक रुग्ण अपघातात हाड गमावलेले, पोलिओमुळे एक पाय आखूड राहिलेले किंवा जन्मतःच पायांत फरक असलेले असतात. केवळ उंचीसाठी शस्त्रक्रिया करून घेतलेले मोजकेच. शस्त्रक्रिया करावी की नाही, या वादात आता शिरण्यात अर्थ नाही. ती झालेली आहे, आणि पुढचे वर्षभर नीट पार पाडायचे आहे.

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करते. रोज एक मिलिमीटर हा आकडा सैबेरियातील कुर्गान येथे या पद्धतीचे जनक, शल्यविशारद गाव्रील इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकापासून केलेल्या कामातून आलेला आहे. त्यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत रोज अर्धा मिलिमीटर गतीने हाड वेळेआधी जुळण्याकडे कल दिसला, दोन मिलिमीटरने नवे हाड नीट तयार झाले नाही, आणि एक मिलिमीटर, तोही दिवसभरात विभागून, सर्वांत मानवला. तुमची भीती त्या अर्ध्या मिलिमीटरच्या आकड्यातून येते, आणि ती पूर्णपणे निराधार नाही. परंतु प्रयोगातील कुत्रा आणि २७ वर्षांचा माणूस यांत फरक आहे, आणि काही दिवसांची मंद गती व अखेरपर्यंतची मंद गती यांतही फरक आहे. प्रौढ माणसात चार-आठ दिवस गती निम्मी केल्याने किंवा दोन-तीन दिवस पूर्ण थांबल्याने हाड सहसा घट्ट जुळून बसत नाही. शिवाय याच काळात दर एक-दोन आठवड्यांनी एक्स-रे काढतात, ते नेमके यासाठीच. फटीच्या मधोमध अजून फिकट पट्टा दिसतो आहे ना, शेजारचे फिब्युलाचे हाड आधी जुळू लागले नाही ना, दोन्ही पाय सारखे वाढत आहेत ना, हे त्यात पाहिले जाते. त्यामुळे जुळण्याची काळजी डॉक्टरांवर सोडा. तुम्ही एकच करायचे नाही: रात्री गुपचूप पाना घेऊन ‘राहिलेले’ दोन फेरे भरून काढायचे नाहीत. हे मी एकदा पाहिले आहे. पुढच्या एक्स-रेमध्ये आकडा अपेक्षेपेक्षा जास्त निघाला आणि पायाचा अंगठा वर येईनासा झाला होता.

याचे कारण असे, की या प्रवासात हाड ही सर्वांत समंजस गोष्ट आहे. फटीत नवे हाड तयार होते, त्याला वेळ लागतो, परंतु ते बहुधा होते. मागे राहतात ते पोटरीचे स्नायू आणि नसा. हाड रोज एक मिलिमीटर पुढे जाते, तेव्हा पोटरीच्या स्नायूलाही तेवढी लांबी नव्याने निर्माण करावी लागते, आणि त्याची गती हाडापेक्षा कमी असते. जो फरक उरतो तो घोट्यात दिसतो. टाच वर खेचली जाते, चवडा खाली जातो. तुमचे १५ अंश म्हणजे तुमच्या पोटरीने हाडाला केलेली विनवणी आहे, आणि तुमच्या डॉक्टरांनी ती ऐकली, हे चांगले झाले. म्हणून यापुढे दिवसाचा हिशेब मिलिमीटरमध्ये ठेवू नका, घोट्याच्या अंशांत ठेवा. ज्या आठवड्यात घोटा तीन अंशांनी सुधारला आणि लांबी तीनच मिलिमीटर वाढली, तो आठवडा माझ्या हिशेबात उत्तम गेला.

घोट्यासाठी काय करायचे ते जरा तपशिलाने सांगते, कारण इथेच सर्वाधिक चुका होतात. पोटरीतला वरचा मोठा स्नायू गुडघा आणि घोटा असे दोन्ही सांधे ओलांडून जातो. त्याखालचा दुसरा फक्त घोटा ओलांडतो. म्हणून ताण दोन प्रकारे द्यावा लागतो: गुडघा पूर्ण सरळ ठेवून एकदा, आणि गुडघा थोडा वाकवून एकदा. गुडघा वाकवल्यावर पाऊल बरे वर येते आणि सरळ केल्यावर अडते, असे असेल तर वरचा स्नायू आखडला आहे. दोन्ही वेळा तितकेच अडत असेल तर प्रकरण खोलवर गेले आहे, आणि तसे डॉक्टरांना सांगा. चवड्याखालून ओढणीसारखा लांब पट्टा घालून पाऊल हळूहळू स्वतःकडे ओढा, अर्धा मिनिट धरा, सोडा, पुन्हा धरा. असे पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा. एकदाच तासभर दात-ओठ खाऊन ओढण्याचा उपयोग नाही. जोर लावला की स्नायू उलटा आवळून धरतो, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही पट्ट्याला हातही लावत नाही. वेदनाशामक गोळी घेतल्यानंतर साधारण पाऊण तासाने केलेला व्यायाम सर्वांत सोसवतो. उरलेल्या वेळात आणि झोपताना पाऊल काटकोनाकडे धरून ठेवणारा स्प्लिंट किंवा फ्रेमला बांधलेला पट्टा हवा. व्यायामाचा तास-दीड तास आणि बाकीचे बावीस तास यांच्यात शर्यत लागली तर बावीस तास जिंकतात.

या बावीस तासांतला सर्वांत मोठा शत्रू म्हणजे गुडघ्याखालची उशी. ती ठेवली की बरे वाटते, यात शंका नाही, म्हणूनच प्रत्येक घरात प्रेमाने ती ठेवली जाते. तिच्यामुळे गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो, आणि मग घोटा व गुडघा अशा दोन आघाड्या उघडतात. उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी सरळ होऊ द्या. आधी दहा मिनिटेही जड जाईल. दुसरी गोष्ट पांघरुणाची. नाशिकच्या थंडीत जाड गोधडी पायांवर ओढली की तिच्या वजनाने चवडे रात्रभर खाली दाबले जातात. पायांपुरते पांघरूण स्टुलावरून किंवा खोक्यावरून घ्या, म्हणजे बोटांना भार लागणार नाही. गरम पाण्याची पिशवी रिंगच्या आसपास लावू नका, कारण बधिर कातडीला भाजल्याचे कळत नाही. तेल लावून जोरात रगडणाऱ्या मालिशवाल्यालाही तूर्त दूर ठेवा.

आता दुखण्याविषयी. मराठीत दुखण्याला शब्द भरपूर आहेत आणि रुग्ण मात्र दवाखान्यात येऊन फक्त ‘खूप दुखतंय’ एवढेच सांगतात. एक वही करा आणि तिच्यात नेमका शब्द लिहा. पोटरीत ओढ लागणे, संध्याकाळनंतर ठणका वाढणे, हे या टप्प्यात अपेक्षित आहे. त्याने झोप मोडते, परंतु त्याने घाबरायचे नाही. फ्रेमच्या कातडीतून हाडात जाणाऱ्या एखाद्या पिनेभोवती हुळहुळणे, लाली, चिकट स्राव हे त्या पिनेचे दुखणे आहे; स्वच्छता आणि वेळेवर दिलेले प्रतिजैविक यांनी ते बहुधा आटोक्यात येते, मात्र ते त्याच दिवशी कळवायचे. आग होणे, विजेसारखी चमक पावलाच्या वरच्या भागावर जाणे, अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या बेचक्यात मुंग्या येणे किंवा बधिर होणे, ही नसेची भाषा आहे, आणि ती ऐकू आली की पुढचा नट फिरवण्याआधी डॉक्टरांना फोन करायचा. रोज सकाळ-संध्याकाळ दोन्ही अंगठे स्वतःहून वर उचलून पाहा आणि वहीत ‘उचलला’ किंवा ‘कमी उचलला’ एवढेच लिहा. ही दहा सेकंदांची तपासणी कोणत्याही यंत्रापेक्षा लवकर सावध करते.

एका पोटरीला अचानक सूज, कडकपणा आणि उष्णता येणे, दम लागणे, छातीत दुखणे ही रक्ताच्या गुठळीची लक्षणे असू शकतात. तेव्हा वही-बिही बाजूला ठेवून थेट तातडीच्या विभागात जायचे. थंडी वाजून ताप, पिनेतून पू, फ्रेमचा एखादा भाग सैल होणे, किंवा पायात ‘कट’ असा आवाज होऊन एकदम कळ येणे, हेही सकाळपर्यंत थांबवायचे विषय नाहीत.

गोळ्यांबाबत एकच ताकीद देते. मेडिकलच्या दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणून आपल्या मनाने आठवडेच्या आठवडे घेऊ नका. या गटातील औषधे दीर्घकाळ घेतल्यास नव्या हाडाच्या वाढीला अडथळा होऊ शकतो, म्हणून पुष्कळ शल्यविशारद ती टाळतात. ट्रामाडॉलसारखी तीव्र वेदनाशामक गोळी दिली असेल तर ती केव्हा आणि कशी कमी करायची हे आताच विचारून ठेवा. तिच्यामुळे होणाऱ्या बद्धकोष्ठासाठी पाणी, इसबगोल आणि वेळच्या वेळी कमोडच्या खुर्चीवर बसणे, हा अगदी घरगुती उपाय पुरतो. तंबाखूही या यादीत येते. ‘मी सिगारेट सोडली’ असे सांगणाऱ्याच्या खिशात माव्याची पुडी मी पाहिलेली आहे, आणि एका बाईंची मिश्री चालूच होती, कारण त्यांच्या मते ती तंबाखू नव्हतीच. निकोटीन कोणत्याही वाटेने आले तरी हाड उशिरा भरते. ‘ड’ जीवनसत्त्व तपासून घ्या आणि प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही, पनीर, अंडी किंवा मासे यांपैकी काहीतरी पोटभर असू द्या. दुखण्यामुळे भूक मरते आणि पोहे-चहावर दिवस निघतात, ते परवडणारे नाही.

झोपेचा संबंध फिरवण्याच्या वेळांशीही आहे. चार फेरे असताना ते सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी पाच आणि रात्री नऊ असे ठेवता येतात. आता दोनच आहेत तर सकाळ आणि दुपार या वेळांबद्दल डॉक्टरांना विचारा. अनेकांना शेवटचा फेरा आणि झोप यांत अंतर असले की रात्र बरी जाते. मात्र ‘एकदाच फिरवून मोकळे होतो’ असे करू नका. विभागलेला ताण ऊतींना मानवतो, हीच तर या पद्धतीची मूळ गोष्ट आहे. तरीही रात्री दोन वाजता जाग येणारच. त्या वेळी फोनवर इतरांचे चालण्याचे व्हिडिओ पाहू नका. कोणाला मांडीच्या हाडात चुंबकाने लांबणारा रॉड आहे, कोणाला फक्त बाहेरची फ्रेम, कोणाच्या एक्स-रे फिल्मवर हाड आधीच भरलेले; या प्रत्येकाची भार देण्याची मर्यादा वेगळी असते. भार लवकर देता येतो म्हणून नावाजलेला ‘स्ट्राइड’ हा पोलादी रॉड २०२१ मध्ये कंपनीने परत मागवला, कारण रॉडभोवतीच्या हाडात नको ते बदल दिसू लागले होते. तेव्हा दुसऱ्याच्या भरभर चालण्याचा हेवा करताना त्याचा एक्स-रे आपण पाहिलेला नाही, एवढे लक्षात असू द्या.

आता रजेचा हिशेब. तो स्पष्ट सांगितलेला बरा: तीन महिन्यांत हे बसत नाही. समजा तुम्ही ५० मिलिमीटरवर थांबलात. मंद गतीने तिथे पोचायला अजून तीन-चार आठवडे लागतील, आणि त्यानंतर नवे हाड घट्ट व्हायला, ताणण्याला जितका काळ लागला त्याच्या साधारण दुप्पट काळ धरून चालावे. तुमच्या बाबतीत आत रॉड असल्याने लांबी पूर्ण झाल्यावर रॉडला स्क्रू बसवून फ्रेम लवकर काढता येते, हा मोठा दिलासा आहे. परंतु फ्रेम निघाली म्हणजे हाड भरले असे नव्हे. समोरून आणि बाजूने घेतलेल्या दोन एक्स-रेंमध्ये हाडाच्या चार कडांपैकी निदान तीन कडा भरलेल्या दिसेपर्यंत पूर्ण भार टाकायचा नसतो. घरून संगणकावर काम करणे बहुधा त्याआधीच जमेल. सुरुवातीला दिवसाला दोन-दोन तासांचे दोन तुकडे धरा आणि दर अर्ध्या तासाने पाय स्टुलावर सरळ ठेवा, कारण खुर्चीत गुडघे वाकवून बसण्याचे तास गुडघ्याखालच्या उशीसारखेच वागतात. बस, लोकल, जिने असलेले कार्यालय यांना आणखी कित्येक महिने आहेत, आणि धावणे-उड्या यांचा विचार वर्षानंतर. कंपनीला आजच रजा वाढवण्याविषयी लिहा. रजेची तारीख डोक्यावर टांगलेली असली की माणूस पाना जास्त फिरवतो.

६० मिलिमीटरच्या आकड्याबद्दल माझे मत विचारले नसले तरी सांगते. नडगीत साधारण ५ सेंटिमीटरपर्यंतच जावे, असे बहुतेक शल्यविशारद सुचवतात. ३६ वर १५ अंश गेलेले असताना ६० चा हट्ट धरणे मला पटत नाही. ५० आणि ६० मधला फरक बूट घातल्यावर कोणाच्या लक्षात येणार नाही. टाच टेकत नसेल तर मात्र तो फरक तुम्हाला प्रत्येक पायरीवर जाणवेल. आखडलेली पोटरी नंतर शस्त्रक्रियेने सैल करता येते, हे खरे. पण त्यात पाऊल रेटण्याची ताकद काही अंशी जाते, आणि ती परत मिळवायला पुन्हा काही महिने. निर्णय अर्थात तुम्ही आणि तुमचे डॉक्टर मिळून घ्याल.

हळूहळू पुढे जाण्याविषयी अनुभवातून सांगायचे तर, वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक घात करतात. माझ्या एका रुग्णाला गणपतीच्या दिवसांत एकाएकी बरे वाटले, म्हणून ते वॉकर धरून आरतीला उभे राहिले, मग पाहुण्यांना निरोप द्यायला फाटकापर्यंत गेले, आणि पुढचे चार दिवस अंथरुणातून उठले नाहीत. म्हणून चालण्याचे प्रमाण आदल्या दिवसाच्या उत्साहावरून ठरवायचे नाही, दुसऱ्या दिवशीच्या सकाळवरून ठरवायचे. सकाळी सूज किंवा ठणका नेहमीपेक्षा जास्त असेल तर त्या दिवशीच्या फेऱ्या एक तृतीयांशाने कमी करा. तीन सकाळी सारख्या गेल्या तर थोड्या वाढवा. भार किती टाकायचा ही मर्यादा मात्र डॉक्टरांची आहे, तिला हात लावायचा नाही.

मनाबद्दल जे दिसते ते थोडे विचित्र आहे. अपघातातल्या माणसाला ‘माझ्या वाट्याला का आले’ असा राग येतो आणि तो मोकळेपणाने रडतो. उंचीसाठी शस्त्रक्रिया केलेला माणूस कुरकुर करायलाही कचरतो, कारण ‘हौसेने केलेस ना’ हे वाक्य कोणी म्हणण्याआधी तो स्वतःच स्वतःला ऐकवत असतो. तुम्ही दोन्ही पायांत एकाच वेळी मोडलेले हाड घेऊन दीड महिना काढला आहे. ते दुखणे हौसेचे म्हणून कमी दुखत नाही. दुसरे म्हणजे, लांबी पूर्ण झाल्यावर आनंद होईल असे सर्वांना वाटते, आणि नेमका तेव्हाच उदासपणा येतो. तोवर रोज एक आकडा वाढत होता. मग तीन महिने काहीच वाढत नाही, फक्त फिल्मवरची सावली दाट होते. त्या काळासाठी आधीच काहीतरी ठरवून ठेवा: एखादा अभ्यासक्रम, हाताचे व्यायाम, मित्राला ठराविक वारी घरी बोलावणे. झोप, भूक आणि बोलणे दोन आठवडे सलग मिटत गेले, किंवा आरशापुढे आता दुसराच अवयव सलू लागला, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. रात्री-बेरात्री कोणाशी तरी बोलावेसे वाटले तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मिळते.

आणि आई-वडील. २०१६ मध्ये हैदराबादला एका तरुणाने घरी न सांगता ही शस्त्रक्रिया करून घेतली, घरच्यांना ते रुग्णालयात पोचल्यावर कळले आणि प्रकरण वर्तमानपत्रांपर्यंत गेले. तसे होण्यापेक्षा तुम्ही सांगितलेले बरे. हा काही नीतीचा उपदेश नाही, साधा मनुष्यबळाचा प्रश्न आहे. दिवसातून पाच वेळा पट्टा धरणे, पिना पुसणे, कमोडची खुर्ची, स्वयंपाक, एक्स-रेसाठी गाडी, हे एकट्या बहिणीच्या जिवावर आणखी चार-पाच महिने निभणार नाही. ती आधी थकेल आणि मग तुमचा व्यायाम चुकेल. बहिणीला शेजारी बसवून फोन करा, सुरुवातीलाच ‘जीवाला धोका नाही’ असे सांगा, आणि पहिली दहा मिनिटे त्यांना बोलू द्या. राग येईल. तरी बहुतेक घरांत तिसऱ्या दिवशी डबा येतो.

पुढच्या तपासणीला जाताना वही आणि स्प्लिंट सोबत न्या, आणि चार गोष्टी विचारून लिहून घ्या: घोटा किती अंशांवर आला तर गती पुन्हा वाढवणार, किती अंशांवर गेला तर पूर्ण थांबवणार, आजच्या फिल्मवर फिब्युलाची फट कशी दिसते, आणि आज प्रत्येक पायावर किती किलो भार टाकायची परवानगी आहे. चौथ्याचे उत्तर घरी आल्यावर वजनकाट्यावर एक-एक पाय ठेवून तपासून पाहा. ‘थोडासा भार’ म्हणजे किती, याचा अंदाज पहिल्यांदा जवळजवळ सगळ्यांचाच चुकतो.